डाव्या हाताची केबल

नोव्हेंबरात विसोचिनाच्या पठारावर चारलाच अंधारतं.
सशांच्या रिकाम्या खुराड्यात दिवा लावला,
जावावरचं पांघरूण काढलं.
एकोणसत्तरचं मॉडेल, मरून, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.
बाबा स्वयंपाकघराच्या खिडकीत,
प्लमच्या बरण्यांमागे बसलेले,
मी कुठं चुकते ते बघत.

आधी निघाली अ‍ॅक्सिलरेटरची.
लखलखीत.
साठ हजार किलोमीटर ओढली, सोडली, ओढली, सोडली
तेव्हा कुठं लोखंडाला असं पाणी चढतं.
मग पुढच्या ब्रेकची. टोकाशी सात धागे तुटलेले,
त्यातला एक अंगठ्यात घुसला.
मी एक लहानशी शिवी दिली.
काचेमागून ओठ हलले: यर्मिला, हळू.

क्लचची ओढली
तर अर्धीच हातात आली.
उरलेली खोळीत गंजून बसलेली,
ना पुढे ना मागे.
आजची नव्हती ती तुटलेली, कालचीही नव्हती.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात;
इथं पीळही गेला होता,
तळहातावर नुसती तांबडी पूड.

पण गाडी तर गेल्या रविवारपर्यंत रस्त्यावर होती!
व्रातिस्लावकाकांकडून मध आणायला,
आईच्या दगडापाशी मेणबत्ती लावायला.

जावाचं एक आहे.
पायानं गिअर दाबला की क्लच आपोआप सुटतो,
हात लावला नाही तरी चालतं.
कारखान्यात कुणीतरी सोय म्हणून केलं असेल ते.
त्या सोयीच्या आड माझा बाप लपून बसला होता.
तीन हिवाळे?
चार?

मग एकेक आठवत गेलं.
पाव कापायची सुरी माझ्याकडे सरकवणं.
कोटाची बटणं: "तूच लाव, बोटं गारठलीत."
जूनमध्येसुद्धा.
लोणच्याची बरणी गुडघ्यांत धरून
झाकणाशी झटताना मी दारात दिसले,
तर म्हणाले, "भूकच नाही."

नवी केबल जुनीच्या दोन तुकड्यांशेजारी मापली.
बोटभर लांब. चालेल.
प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून
खोळीच्या तोंडाला बांधला, तेल ओतलं,
रात्रभर खिळ्याला टांगली.
सकाळी खालच्या वर्तमानपत्रावर एक थेंब उतरला होता,
नेमका हवामानाच्या अंदाजावर.

टाकीखालून घेतली, फ्रेमच्या डाव्या अंगानं,
हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं,
कुठं ताणत नाही ना, कुठं मुडपत नाही ना.
लीव्हरला दोन मिलिमीटर ढील ठेवली.
ढील नसली तर क्लच घसरतो, आतल्या आत जळतो.
हे त्यांनीच शिकवलेलं, मी अकरा वर्षांची असताना.
त्यावर काही तत्त्वज्ञान सांगितलं नव्हतं.
"ढील ठेव," म्हणाले होते,
आणि उरलेलं सॉसेज तोंडात टाकलं होतं.

किकचा आवाज ऐकून बाहेर आले, घरातल्याच चपलांवर.
धूर निळा, मग पांढरा, मग नाहीसा.
गाडीला वळसा घालून डावीकडे उभे राहिले.
उजवा हात आडवा नेऊन
डावीकडचा लीव्हर दाबला. सोडला. पुन्हा दाबला.

"मऊ झालाय."
"तेल पाजलंय."
"जुनीला काय झालं होतं?"
"जुनी झाली होती."

इंजिन थोडा वेळ दोघांच्या वतीनं बोलत राहिलं.

मग त्यांनी डावा हात खिशातून काढला,
पहिल्यांदाच, माझ्या देखत,
आणि कोटाच्या वरच्या बटणापाशी नेला.
बटण काजात जाईना.
मी पाठ वळवली,
पान्हे डब्यात ठेवू लागले,
दहाचा, अकराचा, चौदाचा,
मग पुन्हा बाहेर काढून
पुसून,
परत ठेवू लागले.