पाच वेळा ‘का’

आमच्याकडे भोसरीला
एखादा गिअर नापास झाला
की पाच वेळा ‘का’ विचारायचं असतं.
दात का खरवडला? टूल बोथट होतं.
टूल बोथट का? बदलायची तारीख हुकली.
असं करत करत
कुणाच्या तरी सहीपाशी पोचतो आपण.
एकोणीस वर्षं हेच करतोय मी.

वृंदाचा रिपोर्ट
कर्वे रोडच्या लॅबखाली, स्कूटरला टेकून
तिनेच उघडला.
एचपीव्ही, पुढे एक आकडा, पुढे पॉझिटिव्ह.
गाडीही तिनेच चालवली.
नळ स्टॉपच्या सिग्नलला
हेल्मेटच्या आतून म्हणाली, “काहीतरी बोल.”
मी म्हणालो, “डावीकडे खड्डा आहे.”

त्या रात्री पहिला ‘का’ कुणी विचारला
आठवत नाही.
मी विचारला असेन,
भांडी जरा जोरात ठेवून.
तिने, उशी भिंतीकडे सरकवून.
तिचं लग्नाआधीचं कोल्हापूरचं वर्ष,
माझे चेन्नईतल्या ट्रेनिंगचे आठ महिने,
सगळे घरात येऊन बसले
चपला न काढता.

इनामदार डॉक्टर चष्मा पुसत म्हणाल्या,
“वर्षानुवर्षं झोपून राहतो हा.
कधी आला, कुणाकडून आला,
ते शोधू नका. सापडत नाही.”
मी म्हणालो, “मग माझीही तपासणी करा.”
“पुरुषांसाठी तशी नेहमीची तपासणी नाहीच.”

आयुष्यात पहिल्यांदा
मापाला न लावताच पास झालो मी,
आणि बाहेर बाकावर बसून राहिलो
आत तिला व्हिनेगर लावून
पांढरे डाग शोधत होते तेव्हा.
अजूनही कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवर
ती बाटली मी हळूच लांब सरकवतो.
तिच्या लक्षात येतं. ती काही म्हणत नाही.

डाग किरकोळ निघाला. लक्ष ठेवू म्हणाले.
लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय
हे चार महिने कळलं नाही.
मग एका रविवारी ती मटार सोलत होती.
“तुझा राग आहे माझ्यावर?”
“आहे. तुझा?”
“आहे.”
“बरं,” म्हणत तिने
अर्ध्या शेंगा माझ्याकडे ढकलल्या.
त्या रात्री तिची उशी
भिंतीपासून वीतभर इकडे आली.
वीतभरच. मी मोजली.

आता दर जूनला कॅलेंडरवर एक गोल असतो
सिलिंडरच्या तारखांमध्ये मिसळलेला.
त्या दिवशी मी रजा टाकतो,
कारणाच्या रकान्यात लिहितो: घरचं काम.

मागच्या आठवड्यात रेवाला लस द्यायला नेलं.
बारा वर्षांची, दंडाला कापूस दाबून
तिने विचारलं, “ही का?”
एकच ‘का’.
आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो,
तू सांग,
तू सांग.