पेटी क्रमांक ४१

ही फाइल माझ्याकडे आली तेव्हा
माझ्या धाकट्याला दात येत होते.
परवा दाढी करताना त्याला कापलं.

मधल्या काळात फाइल
दुसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर गेली,
चौथ्यावरून जिन्याखाली.
एका वादळात मी ती डोक्यावर धरून
गुडघाभर पाण्यातून नेली,
पंख्याखाली सुकवली, पान न् पान,
आणि एकशे बारावं उलटं लावलं.
ते अजून उलटंच आहे.

आत एक पूल होता,
बागोंतुबिग गावचा, बत्तीस मीटर लांब,
सिमेंटच्या अठराशे गोण्या.
मेयरची सही मोठी, शेपटी फुटलेली.
तिच्याखाली, जागा उरली तेवढ्यात,
भांडारपाल इल्देफोन्सो पाकायरा:
माल मिळाला.
माल मिळाला नव्हता.
गोण्या होडीत आहेत, सही करून टाक,
जेवणाची वेळ झालीय,
असं त्याला सांगितलं होतं म्हणे.

तो दरवर्षी यायचा केसोन सिटीला,
बसने, फेरीने, पुन्हा बसने,
केळीच्या पानात बांधलेला चिकट भात घेऊन.
आम्हाला काही घेता येत नाही,
लाचलुचपतीचं ऑफिस ना आमचं.
मग तो बाहेरच्या बाकावर बसून
स्वतःच खायचा, सावकाश,
आणि पान घडी करून खिशात ठेवायचा.
मॅडम, माझं काय ठरलं?
अभ्यास चालू आहे.
एका वर्षी म्हणाला,
दोषी ठरवा, पण ठरवा.

प्रकरण वेळेत निकाली निघण्याचा हक्क
आमच्या राज्यघटनेत एका वाक्याचा आहे.
ते मला पाठ आहे.
त्याच्या प्रत्येक पत्रात ते असायचं,
मोठ्या, शाळकरी अक्षरात,
आणि मी प्रत्येक पत्रावर
'पोहोचले'चा शिक्का मारून
ते पेटीत खाली सरकवायची.

मेयर कधी आला नाही.
त्याला उशीर मानवला होता.
तो वर गेला, बायको मेयर झाली, मग मुलगा.
आणि सतराव्या वर्षी, कोर्टात,
त्याचा वकील उभा राहिला आणि म्हणाला,
माझ्या अशिलाने किती यातना सोसल्या!
पुरावा म्हणून त्याने काढली
इल्देफोन्सोची पत्रं.
सतरा.
सगळ्यांवर माझा शिक्का.

सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात.
त्या दिवशी दोन्ही सुटली,
एकाच कागदावर, एकाच ओळीत,
एका म्हाताऱ्याच्या फाटक्या छत्रीखालून
मेयर कोरडा निघाला.

न्यायमूर्तींनी विचारलं होतं,
इतकी वर्षं ही फाइल होती कुठे?
सरकारी वकिलाने छताकडे पाहिलं.
मी मागच्या रांगेत होते.
पेटी माझ्या मांडीवर होती.

मी रात्री झोपते नीट. खोटं कशाला सांगू?
माझ्याकडे अशा नव्वद पेट्या आहेत
आणि पंखा एक.
पण मेयरला शिक्षा झाली असती
तर ती माझ्याच हातून जिन्याखाली गेली,
आणि हा माणूस निर्दोष ठरला असता
तर तेही तिथेच भिजत पडलं,
हे मला चांगलं कळतं.
नदीत दोन खांब उभे आहेत, तो सांगत होता,
वर काही नाही. पोरं होडी बांधतात त्यांना.

बाहेर बाकावर त्याने निकालाचा कागद
चष्म्याजवळ नेला, दूर धरला.
मॅडम, यात लिहिलंय का
की मी पैसे खाल्ले नाहीत?
नाही.
मग खाल्ले असं लिहिलंय?
तेही नाही. उशीर झाला असं लिहिलंय.

तो बराच वेळ गप्प बसला.
मग पिशवीतून पुडी काढून
माझ्यापुढे धरली.
खटला संपला होता. आता घेता येत होतं.

दोरा गाठीत अडकला होता.
मला सोडवायला वेळ लागला.
तो थांबला.