तेवीस भागिले पाच

टॅब आले मार्चअखेरच्या घाईत,
केंद्रप्रमुखांच्या मोटरसायकलवर, पोत्यात गुंडाळून.
पाच नग, एक पावती, तीन ठिकाणी सही.
खडकडोहच्या शाळेत मुलं तेवीस.
मी फळ्यावर मांडलं:
चार-चारचे पाच गट,
बाकी तीन.

बाकीत कोण, हे विचारावं लागलं नाही.
मनकर्णा आत्राम, कोलाम पोडावरची,
दोन वर्षांत ‘हजर’च्या पुढे न गेलेली.
शारीक, वीटभट्ट्यावरून नुकताच परतलेला,
नखांत अजून तांबडी माती.
आणि प्रज्योत, ज्याला कुठलाच गट घेत नाही
कारण तो सगळ्यांची उत्तरं आधीच सांगून टाकतो.

त्यांना मी माझा मोबाईल दिला.
कोपऱ्यात तडकलेली काच, बावीस टक्के चार्जिंग.
‘काय करायचं, म्याडम?’
मला तरी कुठे ठाऊक होतं.
मुलांना एकमेकांकडून शिकू द्या, असं
पांढरकवड्याच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं,
दोन दिवस आम्हाला ओळीने खुर्च्यांत बसवून,
बोलू नका म्हणत.

म्हटलं, वस्तूंची नावं सांगा त्याला.
तो ऐकतो, आणि लिहितो.

प्रज्योत म्हणाला, हापशी.
मोबाईलने लिहिलं, हापूस.
शारीक म्हणाला, भट्टा.
मोबाईलने लिहिलं, भत्ता.
मग दोघांनी तो मनकर्णाच्या तोंडापुढे धरला.
ती बराच वेळ गप्प.
मग माठाकडे बघत म्हणाली,
ईर.

वीर, त्याने लिहिलं.
ईर.
ईद, त्याने लिहिलं. शारीक खूश.
ईर!
विहीर.
‘आता कसं,’ प्रज्योत म्हणाला,
‘पान्यापर्यंत तरी आलं थे.’

वर्ग हसला.
माझ्या पोटात गोळा आला. हे हसू मला माहीत होतं,
याच हसण्यापायी ती कितीदा
अर्ध्या सुट्टीतच दप्तर घेऊन निघून गेली होती.
पण या खेपेला ते तिच्याकडे गेलंच नाही.
‘म्याडम, याले तं काहीच येत नाही!’
‘पहिलीत बसवा याले!’

तिने मोबाईल जवळ ओढला
आणि सावकाश, तोडून तोडून, जरा मोठ्याने,
जसं बहिऱ्याला सांगावं तसं सांगितलं:
ई… र.
तो आवाज मी ओळखला.
दोन वर्षं मी तिच्याशी
याच आवाजात बोलत होते.

मागे टॅबमधला हत्ती
कुणीही नसताना सातचा पाढा म्हणत होता.
गट केव्हाच उठून आले होते बाकीभोवती.
साडेनऊला मोबाईल मान टाकून मोकळा झाला,
लाईन तर पहाटेपासूनच नव्हती,
पण थांबलं कोण?
मनकर्णा सांगायची, प्रज्योत फरशीवर खडूने लिहायचा,
शारीक बाजूला चित्र काढायचा
(त्याची बकरी सायकलसारखी दिसत होती).
एका शब्दातला एक आवाज आपल्या बाराखडीत बसेना.
भांडणं झाली. वेलांटी लावून पाहिली, पुसली.
शेवटी अक्षराच्या पोटात एक टिंब दिलं
आणि ठरवलं, हे आपलं.

महिन्याच्या अहवालात रकाना होता:
उपकरणाचा वापर, मिनिटांत.
मी अठरा लिहिलं.
उरलेल्या दीड तासाला रकाना नव्हता.

आठवड्याने एक टॅब फुगला,
भाकरीसारखा, पाठीकडून.
पुन्हा फळा, पुन्हा भागाकार:
तेवीस भागिले चार,
भाग पाच,
बाकी…
‘तीनच!’ प्रज्योत. अर्थातच.

वळून पाहिलं तर हातच हात.
‘मी बाकीत, म्याडम!’
‘मागच्या खेपेला मले नाही भेटलं!’
पाटलाचा सोहम तर बाकावर उभा.

मनकर्णाने हात वर केला नव्हता.
ती आधीच जाऊन बसली होती माठापाशी,
मोबाईलसाठी पदरासारखी ओंजळ पसरून.