ओल्या हातांसाठी

कंपनीत आम्ही तिघंच.
शुर्शो पैशांचं बघतो, नोआ सर्व्हरचं,
उरलेलं सगळं माझं.
कार्ड छापायला टाकलं तेव्हा छापखान्यातल्या बाईंनी विचारलं,
"हुद्दा काय घालू?"
मी तीन सांगितले.
"मावायचे नाहीत. पत्ता बारीक करावा लागेल."
पत्ता बारीक झाला,
इतका की अरौसाची खाडी भिंगातून वाचावी.

त्याआधी आठ वर्षं नुसता कोड लिहिला,
सान्तियागोत, तिसऱ्या मजल्यावर,
खिडकी समोरच्या भिंतीकडे उघडणारी.
मागणी वरून यायची, चिठ्ठीवर,
जशी खानावळीच्या स्वयंपाकघरात येते.
कोण जेवतंय, कुणाला तिखट सोसत नाही,
आचाऱ्याला कुठे दिसतं?
मला त्यात सुखच होतं, खोटं कशाला बोलू.
चाचण्या हिरव्या झाल्या
की कोट चढवून घरी.

मग हे शिनाण्यांचं काम.
खाडीतले तराफे, तराफ्यांना लोंबणारे दोर,
कुठला दोर कधी सोडला, कधी काढायचा,
पाण्यात विष आलं की कुठला पट्टा बंद.
सहा महिने खपून ॲप केलं.
एका नोंदीला चौदा रकाने.
मला त्या चौदा रकान्यांचा अभिमान होता.
वापरत कुणी नव्हतं.

नोव्हेंबरात देल्मिरोच्या होडीवर गेले, पहाटे साडेपाचला.
दोन वेळा ओकले. ते अहवालात नाही.
क्रेनने दोर वर आला, काळाकुट्ट, ठिबकणारा,
खेकड्यांसकट.
देल्मिरोने छातीच्या खिशातून फोन काढला,
बाहीला पुसला,
मोज्याच्या बोटाने दाबला. काही नाही.
दातांनी मोजा ओढला, पुन्हा दाबला,
आणि ओल्या पडद्यावर भलतंच काही उघडलं.
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
त्याने फोन खिशात ठेवला,
कानामागची सुताराची पेन्सिल घेतली
आणि केबिनच्या फळीवर लिहिलं: २१४.

त्या फळीवर मागची सगळी वर्षं होती.

परत येऊन अकरा रकाने उडवले.
बटण तळहाताएवढं केलं.
टिचकी नाही, दोन सेकंद दाबून धरायचं,
कारण थेंब पडतो, दाबून धरत नाही.
त्या ओळीच्या डोक्यावर, पुढे कोड वाचणाऱ्यासाठी,
एक टीप लिहिली:
ओल्या हातांसाठी.

वसंतातल्या जत्रेत आमचा गाळा होता.
फलकासाठी एजन्सीने तीन पर्याय पाठवले,
तिन्हींत भविष्य होतं, दोनांत क्रांती.
मी ते देल्मिरोच्या आवाजात मोठ्याने वाचून पाहिले.
बोलाचीच कढी.
रात्री दोनला कसलासा बग शोधताना
ती टीप पुन्हा समोर आली,
मी ती उचलून फलकावर चिकटवली.
शुर्शो म्हणाला, "ही जाहिरात आहे की सूचना?"
मला झोप आली होती.

आई, ओब्दुलिया, एकतीस वर्षं डबाबंद कारखान्यात.
तिला कार्ड दिलं. तिने लांब धरून वाचलं.
"म्हणजे सोलायचं तूच, भरायचं तूच,
आणि लेबलही तूच लावायचं?"
"साधारण तसंच."
"आमच्याकडे लेबलवाल्या वेगळ्या बसायच्या.
हात कोरडे असायचे त्यांचे.
डबा खाताना आम्हाला नाक धरून दाखवायच्या."
बराच वेळ ती कार्ड उलटंसुलटं करत राहिली.
"त्यांना माहीतच नसायचं ना,
आत काय आहे ते."

काल देल्मिरोचा फोन आला.
बटण चालतंय.
पण इंजिनाच्या आवाजात बीप ऐकू येत नाही,
आणि त्याच्या मेहुण्याला तीन तराफ्यांसाठी हवंय,
आणि किंमत जरा जास्त वाटते.
मी हातात सापडेल त्यावर लिहून घेतलं,
विजेच्या बिलाच्या पाठीवर,
सुताराच्या पेन्सिलीने.
ती कुठून आली माझ्याकडे, आठवत नाही.