पंधरा पावलं

शिरोड्याच्या मैदानावर चुना मी मारतो.
एकोणीस वर्षं झाली.
डबा, डब्याला चाक, चाकाला तेल नाही.
पहाटे ते कुरकुरतं तेव्हा रस्त्यावरचा पोदेर
भोंपू दोनदा वाजवतो, एरवी एकदाच.

आमचा क्लब अर्धा पगारी.
म्हणजे पुरुषांना मॅचमागे दीड हजार, हरले तरी.
बायकांना बसभाडं आणि रस-ऑमलेट,
जिंकल्या तर दोन पाव जास्त.
सावियो सकाळी जुवारीत बार्जवर असतो,
संध्याकाळी उजव्या बगलेतून धावतो,
आणि दोन्हीकडे शिट्टी झाल्याशिवाय वळत नाही.

बायकांची मॅच दुपारी दोनला.
ताज्या रेषा त्यांना, ऊनही त्यांनाच.
साडेचारला पुरुष येईतो
अर्धा चुना बुटांना लागून गेलेला असतो,
मी पुन्हा डबा घेऊन निघतो.

टेप कधी लावली नाही.
गोलरेषेपासून पंधरा पावलं, माझी,
की पेनल्टीचा ठिपका.
किती रेफ्री त्यावर चेंडू ठेवून गेले,
वाकून कुणी विचारलं नाही.

मग फ्लोरिंडा.
बायकांची कीपर. मडगावात पडद्यांच्या दुकानात असते,
लोकांच्या खिडक्या मोजते.
एका रविवारी हरल्यावर बाकीच्या टेम्पोत चढल्या,
ही गोलात उभीच.
हातमोजा दातांनी ओढत म्हणाली,
"शाणूकाका, हें लागीं जालां."
मी हसलो. म्हटलं, ठिपका काय बकरी आहे,
दावं तोडून जवळ यायला?
तिनं पिशवीतून टेप काढली.
एक टोक मला दिलं, रेषेवर धरायला,
आणि चालत गेली.
माझा ठिपका ओलांडून गेली.
एक फूट, वर दोन बोटं.

गुडघा.
दोन वर्षांपूर्वी बांबोळीला उघडला होता.
डॉक्टर म्हणाले होते, चालाल, पण पाऊल आखडेल थोडं.
मला वाटलं, जिन्याविषयी बोलतायत.

दोन हंगाम.
सावियोनं त्या ठिपक्यावरून अकरा मारल्या, अकराही आत.
क्लबनं त्याला घड्याळ दिलं.
पुरुषांचा कीपर आग्नेल, त्याला विचारलं,
तुला कळलं नाही रे?
म्हणाला, वाटायचं खरं काहीतरी,
पण मी समजलो, वय झालं.
फ्लोरिंडानं खाल्ले नऊ गोल.
तिनं मोजले होते. मी नव्हते.

सॉरी मला जमत नाही.
तिनं दाखवलं तिथं नवा ठिपका घातला,
जुना चपलेनं पुसला.
"त्या बाजूचा पण," ती म्हणाली.
तोवर काळोख झाला होता.
तिनं मोबाईलचा दिवा धरला,
टेम्पोवाला हॉर्न मारत राहिला.

पुढच्या रविवारी सावियोची पेनल्टी
खांबाला लागून खाजनात गेली,
थेट मानशीच्या पाण्यात.
त्यानं ठिपक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
मी भरती बघत बसलो.
फ्लोरिंडा कुंपणाशी पाव खात होती,
क्षणभर चावायची थांबली, एवढंच.

आता माझ्याकडे पडद्याची दोरी आहे,
बारा यार्डांवर गाठ मारलेली.
निळी. कुठल्याशा हॉटेलच्या ऑर्डरीतून उरलेली.
पंधरा पावलं मी तरीही टाकतो, आधी.
मग दोरी लावतो. मधलं अंतर बघतो.
गेल्या महिन्यात आणखी तीन बोटं वाढलं.

जुन्या ठिपक्याखालचं गवत
चुन्यानं जळून गेलंय. बशीएवढं टक्कल.
बाहेरून आलेल्या टीमच्या पोरी
चेंडू घेऊन आधी तिथंच जातात.
फ्लोरिंडा काही बोलत नाही,
हातमोज्यातलं बोट हलवते: मागं.
आणखी मागं.