खांदा

मास्कच्या जाळीतून मैदानाचे तुकडे दिसतात.
त्यातलं टायर कापून केलेलं होमप्लेट तेवढं माझं.
रविवारी अडीचशे रुपये आणि पुरीभाजीचं पुडकं,
बाकीचे दिवस मी हेडपोस्टात टपाल लावतो.

व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फायनल,
सातवी इनिंग, स्कोअर सारखा.
तिसऱ्या बेसवरनं सुटला तो, बैलहोंगलचा बारा नंबर,
तांबडी धूळ मागं ओढत.
बॉल अजून वाटेत.
आमच्या, छे, कडोलीच्या कॅचरनं
रिकामा ग्लोव्ह धरून वाट अडवलेली.
तेही मी बघितलं. तेही चूकच.

घसरायला जागा होती.
बाजूनं प्लेटला हात लावायलाही होती.
दोन पावलं आधी त्यानं मान खाली घातली
आणि खांदा पुढं काढला.

मनातलं मला कसं दिसणार.
मी खांदा बघतो, कोपर बघतो,
डोळे प्लेटवर आहेत की पोरावर,
एवढंच.

टेंपोतनं पिठाचं पोतं टाकावं तसा आवाज आला.

दोन्ही हात वर. बॉल डेड.
रनर आऊट. रन नाही. आणि तू बाहेर.
अडवणूक मग कुणी मोजत नाही,
धडक तिला खाऊन टाकते.

दोन्ही भाषांत माझी आई निघाली.
माझं आडनाव हुक्केरीकर.
हुक्केरी त्यांना आपली वाटते, कर ह्यांना आपला,
आणि निकाल दिला की दोघंही
उरलेल्या अर्ध्यावर बोट ठेवतात.

ईरय्या मास्तर छातीला छाती लागेपर्यंत आले.
अशा वेळी मास्क काढायचा. हात पाठीमागं.
आवाज त्यांच्याहून एक पायरी खाली.
निर्णयावर बोला, माझ्यावर नको, हे एकदाच सांगायचं
आणि पाठ वळवून प्लेट झाडायला बसायचं.
प्लेट स्वच्छच होती. तरी झाडली.

तारेपलीकडनं कडोलीचा कुणी बाप ओरडला,
"बरं केलासा सर, हाकला त्या कानड्याला!"
तो गेटाबाहेर जाईपर्यंत खेळ सुरू केला नाही.
चार मिनिटं लागली.
त्याचा पोरगा सेकंड बेसवर
बुटाच्या टोकानं माती उकरत होता.

संध्याकाळी फॉर्म भरायला घेतला, कानडीत छापलेला.
एका रकान्यावर शब्द होता, दुरुद्देश.
आपल्याकडं असं कुणी बोलत नाही,
पण वाचला की कळतो.
वय चौदा लिहिलं आणि पेन तिथंच राहिलं.
होय की नाही, एवढंच विचारलेलं.
होय लिहिलं.
मग समासात, जागा नसताना, बारीक अक्षरात,
खांदा.

वडाप धरायला आलो तर मागच्या बाकावर तोच,
बॅटच्या पिशवीला मिठी मारून.
टीम आधीच गेलेली, ह्याला सहीसाठी मागं ठेवलेला.
माझ्याकडं न बघता सरकला, जागा केली.
सांबऱ्याच्या विमानतळाची भिंत संपता संपता म्हणाला,
"सर, हल्लु?"

मराठी कानानं आधी हल्ला ऐकला.
उत्तर तयार झालं तोंडात, नियमाच्या कलमासकट.
मग उमजलं, कानडीत हल्लु म्हणजे दात.
कॅचरच्या पुढच्या दाताचं विचारत होता.

"हलतोय," म्हटलं,
आणि मग त्याच्या भाषेत, पडला नाही, बसेल म्हणाले डॉक्टर.
त्यानं मान हलवली.
पिशवीची चेन उघडली, लावली, परत उघडली.

माझा फाटा मागं गेलेला कळलाच नाही.
पुढच्या वळणावर उतरून
दोन किलोमीटर उलटा चालत आलो,
पिशवीत शिनगार्ड एकमेकांवर आपटत.