पेक्षा

खात्यानं पाठवलेल्या तक्त्यावर एक हत्ती आहे आणि एक उंदीर.
मोठा कोण, लहान कोण?
पोरं न बघताच सांगतात,
एका सुरात, कंटाळून.
म्हणून आज तक्ता भिंतीवर राहू दिला
आणि अकरा जणांची माळका घेऊन
जांबोटीच्या अलीकडं, ओढ्याच्या वाटेला लागले.
भाद्रपद सरत आलेला,
गवत पोरांच्या छातीला लागत होतं.

आधी सागाचं पान.
त्याच्या आड मारियाचं सगळं तोंड गेलं, वेण्यासुद्धा.
मग चिंचेच्या पाल्यातलं एकच पान,
ते बसूच्या नखावर मावलं.
इथवर सोपं होतं.
मग मी दोन्हींच्या मधे फणसाचं पान ठेवलं
आणि भांडण लागलं.
"मोठं हाय!"
"कुठलं मोठं? लहान हाय की!"
बसू चिंचेकडून बघत होता, मारिया सागाकडून.
दोघंही खरं बोलत होती.
मधलं पान बिचारं गप्प.

मी म्हटलं, ह्याच्यापेक्षा ते मोठं.
कलव्वाच्या घरी कन्नड. ती पुटपुटली,
इदक्किंत अदु दोड्डदु.
आधी हे, मग ते, मग मोठं.
बोट दाखवत दाखवत
आम्ही दोघी एकाच जागी येऊन थांबलो.
वीस वर्षं शिकवतेय, आज ध्यानात आलं:
मोठा हा शब्द स्वतः कधी वाढत नाही,
त्याला पुढं शेपूट फुटत नाही.
शेजारी कुणीतरी आणून बसवावं लागतं.

मग कुणी थांबायलाच तयार नाही.
वारूळ बसूपेक्षा उंच.
पण बसू वारुळापेक्षा जोरात पळतो.
मुंगळा मुंगीपेक्षा मोठा,
चावण्यात मुंगी मोठी.
मत्तीच्या झाडाची साल अक्कोरूंच्या टाचेपेक्षा खरखरीत,
हे माझी चप्पल काढायला लावून,
दोन्हीकडं हात फिरवून,
सर्वानुमते ठरलं.

ओढ्यात पाणी घोट्याएवढं.
डोळे मिटा, दोन हातांत दोन गोटे घ्या,
कुठला हात खाली जातो बघा.
रवळू कडेला बसला होता.
जूनपासून त्याच्या तोंडून पुरती दहा वाक्यं ऐकली नसतील.
आई म्हापशाला हॉटेलात भांडी घासते,
हा मावशीकडं.
मी सगळ्यांनाच विचारलं, लांब काय? ओढा लांब की अंगणवाडी?
"गोवा," रवळू म्हणाला.
कशापेक्षा रे?
त्यानं ओढ्याकडं बघितलं, डोंगराकडं बघितलं,
हातातल्या गोट्याकडं बघितलं.
"कशापेक्षाबी."

मग आपणच बोलू लागला.
फोनातली आई एवढी,
त्यानं अंगठा आणि बोट ताणून दाखवलं.
खरी आई तुमच्यापेक्षा उंच.
मी गावातल्या बायकांत सगळ्यात उंच,
त्याची आई माझ्या खांद्याला लागते.
मी मान हलवली.
मापाची फीत पिशवीतच राहिली.

परत आल्यावर वजनं घ्यायची होती.
कलव्वा होती तेवढीच,
बसू शंभर ग्रॅमनं उतरला, ताप येऊन गेलाय.
रवळू काट्यावर ताठ उभा,
चड्डीचे दोन्ही खिसे टम्म फुगलेले,
त्यातून ओढ्याचं पाणी मांडीवर ओघळत होतं.
"दिवाळीला अजून किती दिवस?" त्यानं विचारलं,
नजर काट्यावरून न काढता.
मी खिशांकडं बघितलं,
मग वहीकडं.

आकडा उद्या घेईन, पोरगं पळून जातंय थोडंच.
आज शेऱ्याच्या रकान्यात एवढंच लिहिलं:
मागच्या महिन्यापेक्षा जास्त.